हर्डीकरबाईंची पंचावन्न लिटरची सॅक

मंदाकिनी हर्डीकरांना फसवील असा दुकानदार डोंबिवलीत अजून जन्माला यायचा आहे. कुकर घ्यायला गेल्या तर झाकणाची रिंग काढून, ताणून, नाकाशी धरून बघतील. छत्रीची उघडझाप इतक्या वेळा करतील की छत्रीच दमून जावी. आंब्याच्या पेटीतला तळचा आंबा वर आल्याशिवाय पैशाचं पाकीट बाहेर निघायचं नाही. त्या लांबून येताना दिसल्या की दुकानदार नोकराला म्हणत, "जा, तू चहा पिऊन घे. आता काही सुटका नाही." बाईंनी जन्मभर शाळेत गणित शिकवलं. ताळा केल्याशिवाय उत्तर लिहायचं नाही, हा फळ्यावरचा नियम त्यांनी भाजीबाजारातही सोडला नाही.

अशा बाई वयाच्या बासष्टाव्या वर्षी पाठीवरची मोठी सॅक घ्यायला ठाण्याला, माजिवड्याच्या एका दुकानात गेल्या, तेव्हा त्या दुकानाच्या मालकाचं, सुशांतचं, काय झालं असेल ते सांगायला नको. पण त्याआधी या वयात सॅक कशाला, ते सांगितलं पाहिजे.

बाईंना डोंगरांचं वेड होतं. कॉलेजात असताना भावाची खाकी पिशवी पाठीला बांधून त्या किल्ले चढल्या होत्या. मग लग्न झालं. हरिहर हर्डीकर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत डिस्पॅचला होते. माणूस सोन्यासारखा, पण पाय काही उंबऱ्याबाहेर निघायचा नाही. "पुढच्या वर्षी नक्की जाऊ, मंदा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. मग सासूबाईंचं आजारपण आलं, मग लेकीची, देवयानीची दहावी, मग बारावी, मग तिचं लग्न. "रिटायर झालो की थेट हिमालय," असंही एकदा ठरलं. वरातीमागून घोडं का होईना, पण येईल, अशी बाईंना आशा होती. हरिहरराव रिटायर झाले, आणि थोड्याच काळात दुधाची पिशवी आणायला गेलेला माणूस घराचा रस्ता विसरायला लागला. डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. नाव कळून काय होतं? माणूस थोडाच परत येतो?

हरिहररावांना आता बायको ओळखू यायची ती साडीत, आणि तीही ओट्याशी. बाई बँकेतून पर्स लावून परत आल्या की ते दार अडवून विचारत, "कोण हवंय आपल्याला?" पहिल्यांदा असं झालं तेव्हा बाई जिन्याच्या पायरीवर बसून रडल्या होत्या. पण गणिताच्या बाई त्या, रीत शोधून काढलीच. आत यायचं, पर्स खुंटीला लावायची, पदर खोचायचा, स्वयंपाकघरात जायचं आणि तिथून हाक मारायची, "अहो, चहा टाकू का?" मग बाहेरून आवाज यायचा, "टाक." जशी काही मंदा घराबाहेर गेलीच नव्हती.

शाळेत बाईंच्या बरोबर पीटी शिकवणारी रंभा म्हणून एक होती. ठाण्याजवळच्या कोलशेतची, मूळची तिथलीच, तोंडाने फटकळ आणि मनाने मोकळी. पन्नाशी ओलांडलेल्या बायका गोळा करून ती दर मे महिन्यात हिमालयात न्यायची. ती एकदा घरी येऊन म्हणाली, "चल गो मंदाताई. किती वाट बघशील? गुडघे काय तुझ्या घरचे नोकर हायेत, थांब म्हटलं की थांबायला?" ठाण्याहून देवयानीचाही फोन आला. "आई, तू जाच. मी रजा टाकते आणि बाबांजवळ येऊन राहते." बाई हो म्हणाल्या नाहीत आणि नाहीही म्हणाल्या नाहीत. सॅक तर बघून येऊ, एवढंच म्हणाल्या.

सॅक पेलते का ते बघायला दुकानात वाळूच्या पिशव्या होत्या, पण त्यांवर बाईंचा विश्वास नव्हता. वजन म्हणून त्यांनी घरून तांदूळ नेले होते, तूरडाळ नेली होती आणि वर दगडी वरवंटा. सुशांतने टेपने त्यांच्या पाठीचं माप घेतलं, मानेच्या मणक्यापासून कमरेच्या हाडापर्यंत.

"उंचीवर नाही काकू, पाठीच्या लांबीवर सॅक ठरते," तो म्हणाला. "तुम्हाला ही पंचावन्न लिटरची बरोबर होईल."

"पंचावन्न? अरे, एवढं काय भरू मी तिच्यात? रुखवत?"

"दहा दिवसांचं सामान, थंडीचे कपडे, स्लीपिंग बॅग. बघा, मावता मावत नाही. आता आधी कमरेचा पट्टा लावा. घट्ट. मग खांद्याचे. ओझं कमरेने घ्यायचं, खांदे मोकळे राहिले पाहिजेत."

बाईंनी आयुष्यभर सगळी ओझी खांद्यांनीच उचलली होती, त्यामुळे त्यांना ते काही केल्या पटेना. त्या दुकानाच्या माळ्याचा जिना चढल्या, उतरल्या, परत चढल्या. चेन ओढून बघितल्या, शिवण उलटी करून बघितली. शेवटी म्हणाल्या, "घरी नेऊन बघते."

"न्या की. पंधरा दिवसांत आणलीत तर परत घेतो. फक्त डोंगरावर नेऊन आणू नका. डोंगराची माती लागली की ती तुमची."

"मी तसली बाई वाटले का रे तुला?" असं म्हणून बाई सॅक घेऊन घरी आल्या.

मग सॅकची परीक्षा सुरू झाली. आत जुने पेपर भरून तिला शॉवरखाली उभी केली. पेपरचा एक कोपरा ओला झाला, त्यावर सुशांतला फोन गेला, आणि वरून घालायचं कव्हर सॅकच्या तळाच्या कप्प्यात असतं हे कळलं. रोज सकाळी ट्रॅकपॅंट, बूट, टोपी घालून बाई तांदूळ-डाळ-वरवंट्यासकट बिल्डिंगचे जिने चढायच्या. समोरच्या गोदाकाकू दारातून बघायच्या आणि म्हणायच्या, "मंदाकिनीबाई, नाकापेक्षा मोती जड झालाय हो." बाई हसायच्या. जिने झाले की हॉलमध्ये गॅलरीपासून स्वयंपाकघरापर्यंत फेऱ्या.

अशाच एका सकाळी खुर्चीतले हरिहरराव उठून उभे राहिले. त्यांनी हात जोडले.

"या, बसा. कुठे निघालात?"

बाईंनी सॅक उतरवून, साडी नेसून, ओट्यापासून चहाची हाक मारायला हवी होती. पण त्यांना गंमत वाटली. म्हणाल्या, "हिमालयात."

"एकट्याच?"

"नाही, आम्ही पुष्कळ बायका आहोत."

हरिहरराव जवळ आले. त्यांनी एकदा स्वयंपाकघराकडे बघितलं आणि आवाज खाली आणला.

"एक विनंती होती. आमच्या मंदाला न्याल का तुमच्याबरोबर? तिला डोंगरांचं फार वेड आहे हो. लग्न झाल्यापासून म्हणतेय. मी दर वेळी पुढच्या वर्षी, पुढच्या वर्षी करत राहिलो. नेलंच नाही तिला. चुकलं माझं. आता माझ्याच्याने होणारही नाही."

बाईंनी टोपी डोळ्यांवर ओढली.

"ती नाही म्हणेल," ते पुढे म्हणाले. "माझं कसं होईल म्हणून अडून बसेल. तुम्ही ऐकू नका. ओढून न्या. चालायला पक्की आहे, तुम्हाला तिचा त्रास नाही व्हायचा."

किती वर्षं बाईंना हे ऐकायचं होतं. चुकलं माझं, तू जा, एवढंच. ते आज आलं, आणि आलं ते एका परक्या बाईच्या पुढ्यात. त्यांना वाटलं, टोपी काढून फेकावी आणि सांगावं, अहो, मीच ती. पण तसं म्हटलं की हा माणूस गोंधळतो, घाबरतो, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.

"नेते," त्या म्हणाल्या. "नक्की नेते तिला."

"फार उपकार होतील."

बाई बाथरूममध्ये गेल्या आणि नळ सोडून पोटभर रडल्या. आनंद होता का दुःख, ते त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं. पण जायचं, हे मात्र त्या रडण्यातच ठरलं. नवऱ्यानेच पाठवलं होतं, आता कुणाला विचारायचं?

तरी ताळा करायची सवय जाते कुठे? रंभाचा गट बदलापूरच्या पुढे एका डोंगरावर एक रात्र मुक्कामाला जाणार होता. सगळं सामान घेऊन तिथे जायचं, आणि देवयानीने बाबांना सांभाळायचं. सॅकचीही परीक्षा होईल आणि घराचीही. बाईंनी सॅकला लटकणारा किमतीचा कागद कात्रीने कापून टाकला. आता ती परत जाणार नव्हती.

निघताना हरिहरराव दाराशी आले. "मंदा निघाली का?"

"हो, खाली उभी आहे," बाई म्हणाल्या.

"नीट न्या आणि नीट आणा."

रिक्षात सॅक चढवताना बाईंनी वर बघितलं. हरिहरराव गॅलरीतून हात हलवत होते. त्यांच्याकडे नव्हे, त्यांच्या शेजारच्या रिकाम्या रस्त्याकडे बघून.

डोंगरावर सॅक अशी चालली की बाईंना नाव ठेवायला जागा मिळेना. कमरेचा पट्टा हाडावर बसला, खांदे मोकळे राहिले, आणि सुशांत खोटं बोलला नव्हता हे त्यांनी चढताना दोनदा कबूल केलं. संध्याकाळी सगळ्याजणी वरच्या कातळावर बसल्या. रंभाने चुलीवर चहा केला. खाली दूरवर एकेक दिवा लागत गेला. बाईंना कॉलेजातली मंदाकिनी आठवली. गार वारा कानात भरत होता आणि त्यांना काहीच करायचं नव्हतं, कुणाला औषध द्यायचं नव्हतं, कुणी बाहेर तर पडत नाही ना म्हणून दाराकडे बघायचं नव्हतं. त्या इतक्या सुखात होत्या की बराच वेळ त्यांना हरिहररावांची आठवणही झाली नाही. हे सगळं घरी जाऊन त्यांना सांगायचं, असं मनात आलं तेव्हाच ते आठवले. वर फोनला रेंज नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी देवयानीने दार उघडलं. तिचे डोळे सुजले होते.

"आई, बाबा काल तू गेल्यापासून जेवले नाहीत. मंदा आली की जेवतो म्हणतात. रात्रभर इथे दाराशी खुर्ची टाकून बसले होते."

तेवढ्यात हरिहरराव तिला बाजूला सारून पुढे आले. त्यांनी सॅकवाल्या बाईकडे बघितलं. मग तिच्या मागे बघितलं. मग दोन पायऱ्या उतरून, कठड्याला धरून खाली वाकून बघितलं.

"आणि मंदा?"

"अहो, मीच..."

"मंदा कुठे आहे? तुमच्याबरोबर पाठवली होती ना मी?"

"बाबा, ही आईच आहे," देवयानी म्हणाली.

"तू गप्प बस." त्यांचा आवाज कापत होता. "बाई, खरं काय ते सांगा. पडली का ती कुठे? कुठे सोडून आलात तिला? विश्वासाने दिली होती हो मी तुमच्याकडे."

आणि तो म्हातारा जिन्यात उभा राहून रडायला लागला. स्वतःची आई गेली तेव्हाही तो असा रडला नव्हता. बाईंना आधी सॅक काढायची होती, पण घाईत पट्ट्याचं बक्कल सुटेना. शेवटी देवयानीने ते सोडवलं. सॅक बाहेर जिन्यातच राहिली. बाई धावत आत गेल्या, तोंडावर पाणी मारलं, कपाटातून हाताला आली ती साडी गुंडाळली, टिकली लावली, ओट्याशी जाऊन उभ्या राहिल्या.

"अहो, चहा टाकू का?"

मग पावलं आली. हरिहरराव स्वयंपाकघराच्या दारात उभे होते.

"आलीस?"

"आले."

त्यांनी तिचा दंड चाचपून बघितला. "अगं, ती बाई एकटीच आली. मला वाटलं, तुला तिकडेच..."

"मी मागून येत होते. जिना चढायला वेळ लागला."

"तिच्याबरोबर परत नको जाऊस. मीच मूर्खासारखं पाठवलं तुला. नाही ना जाणार?"

"नाही जाणार."

ते हात धुवायला गेले तेव्हा देवयानी आईच्या कानाशी म्हणाली, "आई, होईल गं त्यांना सवय. मी आहे ना. तू जा."

"नको. रंभाला फोन कर. तिच्या सॅकची शिवण उसवलीय, ही घेऊन जा म्हणावं. सॅक उत्तम आहे, कुठे खोट नाही, असं सांग." बाईंनी ताट घेतलं. "आणि मे महिन्यात माझी वाट बघू नका म्हणावं."

हरिहरराव पाटावर येऊन बसले. चेहरा निवळला होता. बाईंनी वरण-भात वाढला, तूप वाढलं. पहिला घास उचलता उचलता ते थांबले.

"कसं होतं गं तिकडे? डोंगर?"

बाईंना तो कातळ दिसला, खाली लागत गेलेले दिवे दिसले. जगात एकाच माणसाला त्यांना ते सांगायचं होतं, आणि तो माणूस समोर बसून विचारत होता. या घटकेला तो त्यांचा होता, सगळं समजत होतं त्याला. म्हणूनच सांगता येत नव्हतं. सांगितलं असतं तर आपण बायकोला काय सोडायला लावलं हेही त्याला समजलं असतं, आणि घास हातातच राहिला असता.

"काही विशेष नव्हतं हो," त्या म्हणाल्या. "नुसती दगडमाती. उगाच गेले."

"मग बरं झालं," हरिहरराव म्हणाले आणि जेवायला लागले.