चांगदेवचा कौल

मांडव्याला जेट्टीकडे जाणाऱ्या रस्त्यावर सुजितचं साऊंडचं दुकान आहे. लग्नाला, पूजेला, कोणाच्या बारशाला तो स्पीकर भाड्याने देतो. दर रविवारी सकाळी नऊच्या ठोक्याला त्या दुकानाचं शटर अर्धं खाली येतं आणि आत चार माणसं भांडायला बसतात. भांडण बांधाचं नाही, निवडणुकीचं तर नाहीच नाही. जगातला सगळ्यात मोठा गिटारवाला कोण, यावर ती भांडतात. हसू नका, बारा वर्षं झाली! अजून निकाल लागलेला नाही, आणि तो लागू नये अशीच चौघांचीही आतून इच्छा आहे.

सुजित हेन्ड्रिक्सवाला. डावखुरा माणूस उजव्या हाताची गिटार उलटी धरून जग हलवतो, यापुढे बोलूच नका म्हणतो. दिपेश जेट्टीवर बोटीच्या तिकीट खिडकीत बसतो, तो स्पेनच्या पाको दे लुसियाचा भक्त. कोणी पाकोला नावं ठेवली की त्या दिवशी चहाला हात लावत नाही. तिसरे भाऊ. नागावात त्यांची सुपारीची वाडी, सारा जन्म शाळेत गणित शिकवण्यात गेला. त्यांच्या मते गिटार मांडीवर आडवी घेऊन राग वाजवणारे ब्रिजभूषण काब्रा एका बाजूला आणि उरलेलं जग एका बाजूला. तिघांची तोंडं तीन दिशांना. मग मधे कोणीतरी पंच नको का?

तो पंच चांगदेव. वय सदुसष्ट, जात्याच तिखट, बाप मिठागरावर राबलेला. स्वतः चांगदेवने तीस वर्षं ट्रक हाकला. पण त्याआधी आणि त्याच्यासोबतही तो ऑर्केस्ट्रात गिटार वाजवायचा. चौघांत वाद्य हातात धरलेला हा एकटाच, म्हणून शब्द त्याचा. रीत अशी पडली होती की ज्याला आपला गडी पुढे करायचा असेल त्याने नाव न सांगता वाजवायचं. लाकडी पेटीवर स्पीकर, फोन खिशात. मिनिटभर ऐकून चांगदेव सांगणार, हा अमका, आणि ह्याची लायकी एवढी. त्याला ते 'कौल' म्हणत. कौल देताना चांगदेवची जीभ अशी सुटायची की ऐकणाऱ्याची मुरकुंडी वळावी. एकदा कोणा गोऱ्या वीराला तो म्हणाला होता, "बोटा लय जोरान पलतान, पन जातान कुठं?"

बायको होती ठमी. ती धवलारीण. आगरी-कोळ्यांच्या लग्नात भटजीच्या आधी मान धवलारणीचा. हळदीपासून वरात निघेपर्यंत प्रत्येक विधीचं गाणं तिच्या तोंडी. ह्या गाण्याला म्हणतात धवला, आणि तो गातात कोरडा, वाद्याशिवाय. आणि ह्या बाबाने एका लग्नात गिटार नेऊन बायकोशेजारी बसकण मारली! जुनी धवलारीण कृष्णाबाई उठून उभी राहिली. "देवाच्या कामात डबडं वाजवतोस? लाज न्हाय वाटत?" मांडव हसला. चांगदेव हलला नाही. त्याला आधीच कळून चुकलं होतं की ठमी कुठल्या पट्टीत बसणारी नाही, ती वर चढणार, खाली घसरणार, तिला वाटेल तिथे थांबणार. म्हणून त्याने तारा सैल करून तिच्या गळ्याला लावल्या. जाड तार तेवढी धरून ठेवायची, आणि ती दम घेईल तेवढ्या फटीत दोन सूर टाकून गप्प व्हायचं. पुढे सात-आठ वर्षं रेवसपासून थळपर्यंत लोक "ठमी आन तिचा गिटारवाला" अशी सुपारी द्यायचे. ऑर्केस्ट्रात त्याने शंभर गाणी वाजवली असतील, पण वाजवणं म्हणजे काय ते ह्या बाईशेजारी गप्प बसून शिकलो, असं तो स्वतः सांगायचा.

तीन वर्षांमागे ठमी गेली. दोन दिवस ताप आला आणि गेली. घरात तिचे फोटो चार, आवाज एकही नाही. रेकॉर्डिंग करणारे मोबाईल आले तोवर तिने गाणं सोडलं होतं. एकाच लग्नात, आवासला, नवरदेवाच्या आखातातल्या भावाने टेप लावून ठेवला होता. ती कॅसेट कुठेतरी असणार, ह्या एका आशेवर चांगदेव तीन वर्षं जगत होता. आठवड्याच्या बाजारात, मयतीला, बोटीच्या रांगेत, भेटेल त्याला विचारायचा. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याला वेड लागलं. लागू दे. त्याला एकदा, एकदाच, तिचा आवाज ऐकायचा होता.

आणि नेमके त्याचेच कान चालले होते.

सून नेत्रा त्याला अलिबागला घेऊन गेली होती. डॉक्टरांनी कागदावर उतरती रेघ काढून दाखवली. बारीक आवाज आधी जातात, बायकांचे, पोरांचे, पाखरांचे. जाड आवाज त्यामानाने टिकतात. जे गेलं ते परत येणार नाही. मशीनने समोरच्याचं बोलणं थोडं कळेल, गाण्याचं काही खरं नाही. मशीन घेतलं, घरी घालून बघितलं, तर नेत्राचं बोलणं म्हणजे मोरीत भांडी पडल्यासारखं. त्याने ते काढून साखरेच्या रिकाम्या डब्यात ठेवलं आणि झाकण लावलं. कानात मशीन घातलेल्या पंचाला कोण विचारतो? झाकली मूठ सव्वा लाखाची. शिवाय मनाशी एक हिशेब मांडून ठेवला होता त्याने. ठमीचा आवाज जाड होता, मांडवाच्या दुसऱ्या टोकाला पोचणारा. तो येईल ऐकू. बाकी पाखरं गेली तर जाऊ देत.

मग दोन वर्षं कौल दिले कसे? अहो, तोंडं बघून! काब्रा लागले की भाऊंचे डोळे आपोआप मिटत. दिपेशची टाच जमिनीवर आपटायला लागली की समजायचं, पाको. सुजितने खालचा ओठ दाताखाली धरला की हेन्ड्रिक्स. चांगदेव हाताचा पंजा पेटीवर ठेवायचा, "ताल बघतोय" म्हणायचा, आणि खालून येणाऱ्या ठोक्यांवरून उरलेलं जुळवायचा. एखादं चुकलंच तर रेकॉर्डिंगला शिव्या. बोलणं तो ओठांवरून जुळवायचा. कोणाला पत्ता लागला नाही. रविवारचे ते दोन तास सोडले तर त्याच्या आठवड्यात होतंच काय? मुलगा ट्रकवर, सून कामाला. सोमवार ते शनिवार घर त्याच्यासाठी मुकं.

आणि गेल्या महिन्यात ती कॅसेट सापडली.

दिपेशच्या सासुरवाडीला, त्याच्या सासूच्या, नीराबाईच्या माळ्यावर, जुन्या कपड्यांच्या बोचक्यात. फीत बुरसटलेली. सुजितने पंधरा दिवस जिवापाड मेहनत करून ती पुसली, सांधली आणि फोनवर उतरवली. तिघांनी आधी ऐकली. ऐकून झाल्यावर दिपेश म्हणाला, "आत्ताच्या आत्ता काकांना फोन लावू." शहाणपणाचं बोलला होता बिचारा. पण भाऊ म्हणाले, "छे छे! रविवारी नाव न सांगता लावू. कौल द्यायला लावू त्याला. पहिल्या ओळीला उडेल तो." सुजितने टाळी दिली. बारा वर्षांची रीत. प्रेम करायचं तेही त्याच रीतीने, दुसरी येत नव्हती त्यांना.

रविवार आला. चहा झाला. सुजित म्हणाला, "काका, आज नवा गडी आहे."

"आन रं आन, बगू."

चांगदेवने पंजा पेटीवर ठेवला. गाणं सुरू झालं असावं, कारण स्पीकरवरचा निळा दिवा लागला. हाताला लागलं, ठुम्. मग काही नाही. बराच वेळ काही नाही. मग ठुम् ठुम्. परत शांत.

त्याने तोंडं बघितली. भाऊंचे डोळे टक्क उघडे, आणि ओले. दिपेशची टाच जागच्या जागी. सुजितचा ओठ मोकळा, उलट हसतोय लेकाचा. आणि तिघेही स्पीकरकडे नाही, त्याच्याकडे बघतायत. कळलं वाटतं ह्यांना. कान गेल्याचं कळलंय आणि परीक्षा घेतायत. त्याने पंजा आणखी दाबला. ठुम्. शांत. ठुम् ठुम्. धरायला काहीच मिळेना, आणि घाबरला की तो नेहमी जे करायचा तेच त्याने केलं. आवाज चढवला.

"बंद करा त्ये! कोन हाय ह्यो?" तो ओरडला. "एक तार धरून बसलाय आन मदी मदी झोप काडतोय. दोन ठोके देतो की गप, दोन ठोके देतो की गप. मदल्या टायमाला काय शेजारच्या घरात चा प्यायला जातो? ह्याच्या हातात गिटार कोनी दिली रं? आसल्याला मांडवात उबा करू न्हाय. हाकला त्याला!"

एरवी ह्यातल्या निम्म्याला तिघे पोट धरून हसले असते. आता कोणी हसेना. दिपेशने खाली मान घातली. सुजितचे ओठ हलले, पण काय म्हणाला ते समजलं नाही. चांगदेवला वाटलं, कमी पडलं. म्हणून त्याने आणखी एक ठेवून दिली. "मडा उठल त्याच्यापरास बरा वाजवल!"

भाऊ उठले. शेजारी येऊन बसले. त्याच्या डाव्या कानाला तोंड लावून, वर्गात मागच्या बाकाला ऐकू जावं अशा आवाजात त्यांनी एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "चांगदेव. तो तू आहेस."

"काय?"

"आवासची कॅसेट. गिटार तुझी आहे. आणि मध्ये ठमी गातेय."

चांगदेवने हात पेटीवरून उचलला आणि बघितला, चटका बसला की बघतात तसा. मधे ठमी गातेय. म्हणजे त्या मधल्या शांततेत. ज्या रिकाम्या जागेला त्याने आत्ता शिव्या घातल्या ती जागा रिकामी नव्हतीच. ती अख्खी ठमीने भरलेली होती.

"परत लाव," तो म्हणाला. "मोट्यांदा."

सुजितने लावलं. "आजून मोट्यांदा!" सुजितने कोपऱ्यातला लग्नाचा मोठा स्पीकर जोडला आणि आवाज पार वर नेला. चहाचे ग्लास ताटलीत नाचायला लागले. चांगदेवने गुडघे टेकले आणि गाल स्पीकरच्या जाळीला लावला. उजवा कान, मग डावा, मग परत उजवा. ठोके येत होते, भिंतीपलीकडे कोणी उखळात कांडावं तसे. त्यांच्या मध्ये नुसती घरघर. त्याने श्वास रोखला. जाड आवाज टिकतात म्हणाले होते डॉक्टर. ठमीचा जाड होता. येईल. आता येईल.

शटरखालून त्याला पाय दिसले. बोटीला निघालेली माणसं रस्त्यात थांबली होती. एक म्हातारी मासळीची पाटी खाली ठेवून वाकली, आत डोकावली, आणि तिचे ओठ हलायला लागले. ती सोबत गात होती. तिला सगळं ऐकू येत होतं. मुंबईची बॅग घेतलेल्या त्या पोरीलाही ऐकू येत होतं, तिने मान कलती केली होती. रस्त्यावरच्या सोम्यागोम्याला ठमी ऐकू येत होती, आणि ज्याने तीन वर्षं दारोदार विचारत काढली त्याला नाही.

निळा दिवा विझला. सुजितने विचारलं असणार, परत लावू का, कारण त्याने फोन पुढे केला. चांगदेवने मान हलवली. नको.

"मला ऐकू येत न्हाय," तो म्हणाला. "दोन वरसं जाली. तुमची तोंडा बगून सांगत होतो."

भाऊंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो त्याने झटकला नाही, आणि घेतलाही नाही. जमिनीवरच बसून राहिला. मग तिघांकडे बघून म्हणाला, "आता तुमी सांगा. कशी गाते ती?"

आता बघा, हेन्ड्रिक्स एक तार कशी ताणतो यावर सुजित अर्धा तास बोलू शकत असे. पाकोच्या उजव्या हाताच्या बोटांवर दिपेशने एकदा दोन बोटी सुटेपर्यंत व्याख्यान दिलं होतं, खिडकीबाहेर रांग खोळंबून. आणि भाऊ तर भाऊच, मींडेचे प्रकार फळ्यावर काढून दाखवणारा माणूस. बारा वर्षं ह्या तिघांनी जगातल्या झाडून साऱ्या सुरांना शब्द चिकटवले होते.

"चांगली गाते रे," भाऊ त्याच्या कानाशी म्हणाले.

"त्ये म्हाईत हाय मला. म्होरं?"

"आवाज मोकळा आहे. भरलेला."

"म्होरं?"

भाऊंनी सुजितकडे बघितलं. सुजितने दिपेशकडे. दिपेश हाताने काहीतरी दाखवायला गेला, वर चढणारं, मग घसरणारं, आणि अर्ध्यात हात खाली सोडून रडायलाच लागला.

चांगदेव जमिनीवर बसून तिघांच्या तोंडांकडे आळीपाळीने बघत राहिला, न जाणो, कोणाचे तरी ओठ हलतील म्हणून.