आत्याचं अवधाण

कार्डाचा कोपरा फाडलेला होता, म्हणून वाचण्याआधीच कळलं, की कुणीतरी गेलं. बोर्डिंगच्या ओट्यावर मी तोंड धूत होतो. पोस्टमननं कार्ड हातात दिलं आणि माझ्याकडे न बघता तो पुढे गेला. आमच्या घरात माझ्याखेरीज कुणाला लिहिता येत नाही. बाप सांगतो आणि गावच्या शाळेचे मास्तर लिहितात. मास्तरांच्या वळणदार अक्षरात तीन वाक्यं होती. 'तुझी आत्या ठकूबाई काल सकाळी वारली. शेवटपर्यंत अवधान आले नाही. दहाव्याला येणे.' शेजारच्या खोलीतल्या मित्रानं कार्ड वाचलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, "बेशुद्धीतच गेल्या म्हणजे. त्रास तरी झाला नाही." मी मान हलवली आणि दिवसभर तेवढंच धरून बसलो. संध्याकाळी कार्ड पुन्हा काढलं, तेव्हा कुठे लक्षात आलं, की माझ्या बापानं आयुष्यात 'अवधान' हा शब्द उच्चारलेला नाही. तो 'अवधाण' म्हणाला असणार. मास्तरांना वाटलं असेल, अडाण्याचा उच्चार चुकला. त्यांनी 'ण'चा 'न' केला.

ज्या वाचकांना हा शब्द ठाऊक नसेल त्यांना सांगतो. पायाची जखम चिघळली, की जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ येते. हाताला लागलं असेल तर काखेत येते. ती गाठ म्हणजे अवधाण. आमची मेंढरं मुळशीच्या वरच्या माळावर चरतात, आणि अनवाणी माणसांच्या त्या मुलखात हा शब्द रोजच्या मिठाभाकरीसारखा आहे. आत्या तरुणपणीच विधवा होऊन आमच्याकडे परत आली होती. मेंढरांचे खूर आणि माणसांचे पाय ती एकाच हातानं बघायची. जखमेकडे नंतर, आधी जांघेत बोटं दाबायची. गाठ लागली की तिचा चेहरा उजळायचा. "आलं अवधाण! अंगाला कळलं म्हणायचं."

मी इंग्रजी पाचवीत असताना सुट्टीत माझ्या टाचेत गंजका खिळा गेला. पाय गुडघ्यापर्यंत लाल झाला, ताप चढला, मी बरळू लागलो. बापानं पौडाहून एका कंपौंडरांना आणलं. भला माणूस होता; त्यांनी गार पाण्याच्या पट्ट्या ठेवायला सांगितलं.

"बाई, सूज उतरली पाहिजे," ते म्हणाले.

"का म्हून उतरवायची?" आत्या म्हणाली. "घरात चोर शिरला म्हून राखणदार वरडतोय, आन् तुमी त्याच्याच तोंडात बोळा कोंबताय व्हय?"

"अहो, ताप केवढा आहे बघा तरी!"

"ताप हाय म्हून तर पोरगं हाय. थंडगार पडल्यावर या मंग पट्ट्या घिऊन."

तिनं तांदळाच्या पिठाचं हळद घातलेलं पोटीस कढत कढत बांधलं. मी किंचाळलो. "वरड, वरड," ती म्हणाली, "तूबी वरड आन् तुझा पायबी वरडू दे." तिसऱ्या दिवशी जखम फुटली, वाटीभर पू गेला आणि पाय वाचला. त्याच पायावर चालत मी पुण्याला कॉलेजात आलो. आमच्या घराण्यातला मी पहिला.

पुढे खोऱ्यात धरणाच्या भिंतीचं काम निघालं. आमचा माळ राहणार होता, पण खालची भाताची खाचरं, चराई आणि आत्याचं सासर असलेली वाडी पाण्याखाली जाणार होती. लोक खोदकामाच्या जागी जाऊन बसू लागले, त्यांत आत्या पहिल्या दिवसापासून होती. एकदा कुणी साहेब आपल्या कारकुनाला म्हणाला, की या लोकांच्या अंगात ताप शिरलाय, चार दिवसांत उतरेल. कारकुनानं ते मराठीत सांगितलं आणि आत्या उठून उभी राहिली. "ताप न्हाई म्हणावं, गावाला अवधाण आलंय. काटा तुमचा हाय, गाठ आमची हाय. काटा काढा, गाठ आपसूक बसंल." साहेबाला यातलं किती कळलं कोण जाणे. कारकुनानं भाषांतर केलं नाही, एवढं मात्र बाप हसत हसत सांगायचा.

तिथंच फोडलेल्या दगडाची कपची तिच्या तळपायात घुसली. ती जागची हलली नाही, फडकं बांधून तिथंच बसून राहिली. तीन दिवसांनी मी गावी पोचलो तेव्हा ती घरी पडून होती. साठी उलटलेली, दोन पावसाळे अर्धपोटी काढलेली. मी पाय पाहिला. जखमेच्या कडा काळसर होत्या, पण सूज नव्हती, लाली नव्हती, अंगात ताप नव्हता. आत्यानं स्वतःच जांघेत बोटं दाबली, बराच वेळ चाचपलं.

"अवधाण न्हाई आलं रं, म्हादू."

आणि मी... हे लिहायला हात धजत नाही, पण लिहितो. मी म्हणालो, "मग चांगलंच की आत्या. जंतूंच्या विषानं सूज येते. सूज नाही म्हणजे विष नाही."

ती हसली. "असं शिकिवत्यात व्हय तुमच्या कालेजात?" थोड्या वेळानं म्हणाली, "जा. तुझा अभ्यास बुडंल." आणि मी गेलो. पाचव्या दिवशी ते कार्ड आलं.

दहाव्याला जमलेले लोक म्हणाले, बाई हट्टी, तिथं जाऊन बसली नसती तर जगली असती. कुणी म्हणालं, शांतपणे गेली बिचारी.

त्यानंतर तीन आठवड्यांनी आमच्या वर्गात तो विषय निघाला. प्रोफेसर सांगत होते, की रक्तात पांढऱ्या पेशी असतात, त्या जखमेकडे धाव घेतात, जंतूंना गिळतात, स्वतः मरतात. पू म्हणजे बव्हंशी त्यांचीच प्रेतं. मेलेले जंतू टोचले तरी ताप येतो, कारण त्यांच्या अंगातल्या विषाची चाहूल लागली तरी शरीर पेटून उठतं. लाली, सूज, उष्णता हे विषाचं काम नव्हे, शरीराचं प्रत्युत्तर आहे. मी आजवर वर्गात कधी उभा राहिलो नव्हतो. माझ्या बोलण्याला मुलं हसतात. त्या दिवशी उभा राहिलो.

"सर, सूज आलीच नाही तर?"

"तर एकतर विष नाही," ते म्हणाले, "नाहीतर हाक द्यायला आत कुणी उरलेलं नाही."

"आणि सर, ही हाक एकीकडून दुसरीकडे पोचते कशी?"

ते म्हणाले, "ते अजून कुणालाच नीट कळलेलं नाही."

मी खाली बसलो. पुस्तकातलं अर्धं पान वाचून मी तिला निदान सांगितलं होतं, आणि जिला पूर्ण ठाऊक होतं ती माझं मन राखायला हसली होती. त्या दिवशी मी तिला पुण्याच्या इस्पितळात आणलं असतं तरी ती वाचली असती का, ते मला ठाऊक नाही. पण मी विचारलंसुद्धा नाही. हा दोष माझा आहे, तो मी देवावर किंवा नशिबावर ढकलणार नाही. तसंच, अशा लेखात 'शांतपणे गेली' असं लिहायची रीत आहे, ते मी लिहिणार नाही. बापानं नंतर सांगितलं, ती शेवटच्या सकाळपर्यंत शुद्धीवर होती. आपल्याच पायाला शिव्या देत होती. "वरड की मुडद्या," म्हणत होती, "गप का?" आणि हट्टाबद्दल म्हणाल, तर जी माणसं तिथं बसली नाहीत त्यांचीही घरं पाण्याखालीच जाणार आहेत.

गेल्या रविवारी घरी गेलो होतो. मेंढरांच्या वाड्यात एक मेंढी लंगडत होती. बापानं तिला आडवी पाडून धरलं. आता हे काम करणारं घरात दुसरं कुणी नाही, म्हणून मी गुडघे टेकून बसलो आणि आधी तिच्या जांघेत बोटं घातली. गाठ होती. कढत, टणक, बोट लागताच मेंढीनं लाथ झाडली. खालच्या खोऱ्यात सुरुंग उडाला, त्याचा आवाज डोंगरावर आपटून परत आला.

"लई सुजलंय," बाप म्हणाला. "गार पाणी मारू का?"

"नको," मी म्हणालो. "चूल पेटव. पोटीस करू. आन् धर घट्ट, लाथा झाडंल तेवढ्या झाडू दे तिला."