फय्याज मिस्त्रीचं अपील

"गोविंदा, तू आपल्या तोंडानं सांग. हे भिताड कोनं बांधलं?"

"म्या."

"तू? तुले ओळंबा कोन्या अंगानं धरतात ते तरी माहीत हाये काय?"

"नसन माहीत. पन कागदावर म्याच बांधलं." गोविंदा बाजेवर जरासा सरकला. "बस ना बावा. चहा घे."

फय्याज मिस्त्री बसला नाही. कामरगावातलं गोविंदाचं हे घरकुल पायापासून स्लॅबपर्यंत त्यानंच उभं केलेलं. गोविंदा तेव्हा दिवसभर तुरीच्या वावरात. संध्याकाळी यायचा, मान तिरपी करून 'वाकडं वाटून राह्यलं' म्हणायचा अन् जेवायला निघून जायचा. पण घरकुलवाल्याला आपल्याच घरावर राबल्याची रोजगार हमीची मजुरी मिळते, ती त्यानं सही करून उचललेली. आता 'घर फय्याजनं बांधलं' असं लिहून दिलं तर ती मजुरी परत भरावी लागते, हे खूळ कोणीतरी त्याच्या डोक्यात घातलं होतं.

"अरे भैताडा, घरकुलाले मिस्त्री लावता येते. मजुरी तुही, थापी माही. कोनाचं काय जाते त्याच्यात?"

"तू म्हनतं ते बराबर असन. पन उद्या साहेब आला त माह्या जागी तू उभा राह्यशीन काय?"

हेच उत्तर फय्याजला सकाळपासून दारोदार मिळत होतं. गावातली निम्मी घरकुलं त्याच्या हातची, अन् कागदावर एकही त्याचं नाही. मशिदीची भिंत सवाबासाठी, पुण्याचं काम म्हणून, फुकट बांधली. बुद्धविहाराचं कंपाउंड तिथलं काम पाहणाऱ्या प्रसेनजितच्या शब्दाखातर बांधलं, तिथं पाटीवर 'श्रमदानातून' लिहिलं आहे. खोटंही नाही म्हणा.

गावात अंगणवाडीची खोली मंजूर झाली होती. नेहमीसारखा बाहेरचा ठेकेदार येणार, मोटारसायकलवरून न उतरता काम पाहणार अन् त्याच्या हाताखाली रोजानं फय्याजच लागणार. एक काम तरी आपल्या नावानं करावं म्हणून त्यानं ठेकेदारीच्या परवान्याचा अर्ज टाकला. अर्ज नाकारला. का, तर अनुभवाचा पुरावा नाही. अपील केलं तर वाशीमची तारीख आली, उद्याचीच. एका तरी घरमालकाचा दाखला आणा, नाहीतर मालकालाच उभं करा.

घरी त्याची बायको शाहजादी ताटात भाकर वाढत म्हणाली, "इतने घर बांधे, और बोलने को एक आदमी नहीं मिलता?"

"आदमी बहुत हैं. सबने अपने घर खुदच बांधे."

"रंगूबाई है ना."

फय्याजचा घास हातातच राहिला. रंगूबाईनं घरकुल घेतलं नव्हतं, स्वतःच्या पैशानं घर बांधलं होतं. तिला मजुरीचं भेव नाही. पण तिच्या ओट्याचा उतार घराकडे गेला होता, अन् गेल्या पावसाळ्यापासून फय्याजच्या नावाचा उद्धार ती बाजारात फुकट करत होती.

तरी गेला.

"सांगतो ना," रंगूबाई म्हणाली. "हजारदा सांगतो. असा सत्यानाशी ओटा गावात दुसरा कोन बांधीन?"

"मावशी, दारापाशी उंच नोको म्हनून तुमीच सांगतलं होतं."

"मिस्त्री तू का मी?"

फय्याज वाकून ओट्याचा उतार हातानं चाचपायला लागला.

"येतो वाशीमले," रंगूबाई म्हणाली. "पन ओटा आज फोड."

"आल्यावर फोडतो ना, अल्लाकसम."

"तुमा मिस्त्री लोकाईचं 'आल्यावर' मले ठाऊक हाये. फोडून ठेव. मांगं फुटका ओटा असला म्हंजे तुले वापस याच लागते."

फय्याजनं घण उचलला. आवाज ऐकून गोविंदा पाहायला आला अन् म्हणाला, "हे फोडून राह्यला ते तरी तूच ना? का रंगूबाई?" फय्याजनं त्याच्याकडे घण वर करून फक्त पाहिलं.

दुसऱ्या दिवशी वाशीमला साहेबांनी रंगूबाईला विचारलं, "काम कसं केलं यानं?"

"वाईट."

फय्याजनं डोळे मिटले.

"वाईट केलं म्हनून त मी आलो. चांगलं केलं ते सारे म्हनतात आमीच बांधलं."

"मग असल्या माणसाला परवाना द्यायचा?"

"द्या ना. परवाना असला म्हंजे तक्रार कोठं कराची ते तरी समजन. आता कोनाले सांगू? बाजारात ओरडून घसा बसला माहा."

साहेबांना हे पटलेलं दिसलं. त्यांनी लिहिलं, शिक्का मारला. "अपील मंजूर. आता नवा अर्ज करा."

"नवा? अन् जुना?"

"तो नाकारला आहे ना."

"मंग मंजूर काय झालं, साहेब?"

"अपील. नव्या अर्जाला हा निकाल जोडा. अर्ज पुढच्या महिन्यात सुरू होतील."

पुढच्या महिन्यापर्यंत अंगणवाडी कोणाची तरी झालेली असणार. फय्याजनं कागदाची घडी खिशात कोंबली, बसस्टँडपर्यंत एक शब्द बोलला नाही, अन् बसमध्ये बसल्यावर जे बोलला ते इथं लिहिण्यासारखं नाही. रंगूबाईनं सारं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "झालं? आता कारंज्याले उतर अन् सिमेट घे. अंधार पडाच्या आंधी मले आंगनात पाय ठेवाले जागा पाह्यजे."

कामरगावात पोचल्यावर त्यानं शर्ट काढून रंगूबाईच्या खुंटीला लटकवला, फुटके तुकडे पाटीत भरून बाहेर टाकले अन् माल कालवायला घेतला.

"मावशी, पानी आना."