कुसुमला शाळेसाठी मागे ठेवलं

गोंदियाच्या फलाटावर कुसुम रडली नाही. बारा वर्षांची होती. मामाजींचा, म्हणजे माझ्या सासऱ्यांचा हात धरून उभी राहिली आणि मला एवढंच म्हणाली, "माय, तिकडं मराठी शाळा निंगली त मले बोलावशीन ना?" मी हो म्हटलं. दोन्ही लहान मुलं डब्यात आमच्याजवळ होती. गाडी मुंबईला, तिथून बोट मोंबासाला. लोको शेडमध्ये फिटर असलेल्या आमच्या यजमानांना नैरोबीच्या रेल्वेत काम मिळालं होतं.

कुसुमला ठेवायचं मीच ठरवलं. यजमानांची इच्छा नव्हती. पण नैरोबीला आपल्या लोकांच्या मुलांसाठीच्या शाळेत गुजराती आणि इंग्रजी. पोरं लहान, ती शिकली असती काहीही. कुसुम मात्र वर्गात पहिली येणारी, तिला तिथे पोराटोरांबरोबर बाराखडीला बसवायचं? मामाजींच्या गावाहून, कुडव्याहून, गोंदियाची शाळा चालत जाण्याजोगी. मामाजी म्हणाले, "तू काऊन चिंता करून राहिली, सूनबाई? पोरगी मॅट्रिक होईन. मी आहो ना." माझा जीव भांड्यात पडला.

तुमच्यापैकी जे परदेशी आलात त्यांना रेल्वेचं क्वार्टर कसं असतं ते सांगायला नको. टिनाचं छप्पर, सिमेंटचं अंगण, शेजारी पंजाबी सुतार आणि गोव्याचा कारकून. भात मिळे, पण आपल्या बांधीतल्या धानाचा वास त्याला नव्हता. पोरं दुकानाला 'दुका' म्हणू लागली आणि मक्याची उगाली मागू लागली. त्यांचं मराठी तेवढं मी सोडू दिलं नाही. पुस्तकं नव्हती, म्हणून कुसुमची पत्रं समोर ठेवून वाचायला शिकवलं. "आज बाईंनी माझा निबंध वर्गात वाचून दाखवला," हे धाकट्याने पहिल्यांदा सलग वाचलेलं मराठी वाक्य. बोटीने महिन्याला एक पत्र येई, आणि महिनाभर तोच आमचा धडा.

तिसऱ्या वर्षी मामाजींचं पाकीट आलं. फोडलं तर पिवळे तांदूळ फरशीवर सांडले. लग्नाची पत्रिका होती, कोपऱ्यांना हळद लावलेली. मुलीचं नाव कुसुम. तारीख उलटून तीन आठवडे झाले होते. सोबत चिठ्ठी होती: चिचगडचं स्थळ चांगलं, जमीन आहे, तुमचा होकार येईपर्यंत मुहूर्त थांबला नसता.

आजोबांनी नातीचं लग्न ठरवलं, यात आमच्याकडे कोणाला वावगं वाटलं नसतं. हे मला ठेवतानाच कळायला हवं होतं. मी अक्षता वेचून हातात घेऊन बसले. कोणावर टाकू? यजमान म्हणाले, "माझ्या बापाले मी काय म्हनू?" आणि कामावर निघून गेले. मला त्यांचा राग आला, मामाजींचा आला, पण सगळ्यात जास्त माझा स्वतःचा आला.

सासरहून कुसुमची पत्रं आली नाहीत. पोरांचं वाचन तिथेच थांबलं.

नैरोबीला येऊन पाच वर्षं झाल्यावर रजा मिळाली, तेव्हा देवरीहून बैल जुंपलेल्या खासरात बसून चिचगडला गेलो. कुसुमने आम्हाला पाय धुवायला पाणी दिलं, पाट मांडले, भावांना आग्रहाने वाढलं. ती त्यांच्याशी पाहुण्यांशी बोलावं तसं बोलत होती. ओसरीवर तिची सहा महिन्यांची मुलगी माझ्या मांडीवर आली आणि मला राहवलं नाही. म्हटलं, "ही पाच वर्षांची झाली की मी नेते. आता इंग्रजी शाळेतच घालीन. मॅट्रिक करीन हिला."

कुसुमने पोर उचलून घेतली.

"नाई माय. शाळंसाठी दुसऱ्याच्या घरी नाई ठेवत मी माझी पोरगी."

"दुसऱ्याच्या? मी आजी आहो तिची!"

"मी बी आजोबाच्याच घरी होती," ती म्हणाली आणि भात उतरवायला आत गेली.

आता पुन्हा नैरोबी. पोरं विचारतात, आपलं घर कुठे? मी गोंदिया सांगते, शाळेच्या दाखल्यावरही तेच आहे. इथे नव्याने येणाऱ्या बाया विचारतात, पोरांना आणू की शाळेसाठी मागे ठेवू? त्यांना सांगते, आणा. अडाणी राहिली तरी चालतील, आणा. तिकडे माझ्या लेकीला माझं घर दुसऱ्याचं वाटतं, आणि तिचं काही चुकलेलं नाही.