लांडगीची देवभेट

माझ्या आजोळी, माण तालुक्यात, देव्हाऱ्यात एक लांडगी होती. मेंढ्या राखणाऱ्या घरात लांडगीची पूजा, हे ऐकून लोक हसतात, हसू देत. आजोबा महायुद्धात इटलीला होते. येताना त्यांनी रोमच्या बाजारातून वीतभर पितळी मूर्ती आणली. लांडगी उभी आणि खाली तिला लुचणारी दोन बाळं. त्यातल्या एकानं पुढं ते शहर वसवलं, अशी तिकडची कथा. प्रवासी आठवण म्हणून असल्या मूर्ती घेतात. पण लांडगा म्हटल्यावर आजीनं ती उंबऱ्याच्या आत घेतली नसती, म्हणून आजोबांनी ठोकून दिलं, ‘ही खंडोबाची कुत्री.’ झालं, तेव्हापासून तिला रोज भंडारा.

आजी गेली आणि मावशीनं कुणाला न विचारता मूर्ती सांगलीला नेली. आई माझ्याकडे साताऱ्यात असते. तेव्हापासून दोघी सख्ख्या बहिणींचं बोलणं बंद. लग्नकार्यात एकमेकींकडे पाठ करून जेवायच्या. मला याचा कंटाळा आला होता. खरं सांगायचं तर रागच.

मी कारखान्यात डिझाइनचं काम करतो. एखाद्या वस्तूचे चहूबाजूंनी ढीगभर फोटो काढले, की संगणक त्यातून तिचा हुबेहूब आकार तयार करतो आणि प्रिंटर तो प्लॅस्टिकमध्ये उतरवतो. म्हटलं, दोघींना एकेक मूर्ती देऊ. एकमेकींची तोंडंसुद्धा बघायला नकोत.

मूर्ती घराबाहेर जाणार नाही, या अटीवर मावशी तयार झाली. मी सांगलीला पोचलो, तर फोटो काढायचे म्हणून तिनं लांडगी चिंचेनं घासून लख्ख केलेली. संगणकाला चकाकी अजिबात चालत नाही. पहिल्या खेपेला लांडगीच्या पाठीला भगदाड पडलं आणि दोन बाळांचं मिळून एक रताळं झालं.

‘मावशी, भंडारा आण.’

‘आता रं कशाला?’

‘हिच्या सगळ्या अंगाला लावायचाय.’

पोरगं देवाधर्माला लागलं म्हणून मावशी हरखली. तिनं डबाच पुढं केला. सांगलीत हळदीला काय तोटा! हळदीनं चकाकी मेली आणि लांडगी कानाच्या टोकापर्यंत नीट उतरली.

साताऱ्याला येऊन प्रिंट काढली, पितळी रंग दिला आणि आईच्या हातात ठेवली. तिनं उलटीपालटी करून पाहिली.

‘झ्याक हाय. पर ह्यो देव न्हवं, खेळणं हाय.’

‘मग देव कशानं होईल?’

‘भेट व्हाया पायजे.’

आमच्यात घरच्या देवांचे टाक जेजुरीला नेऊन मूळ देवाला भेटवतात, त्याला देवभेट म्हणतात. आता हिचं मूळ होतं मावशीच्या देव्हाऱ्यात. मी म्हटलं, ‘दे, मी नेतो.’

‘घरच्या बाईनं न्यावी लागती,’ असं म्हणून आई कपाटातली चांगली साडी काढायला उठली. मी सांगलीच्या एसटीची वेळ बघितली.

एसटीत आई मूर्ती मांडीवर घेऊन बसली होती. मला धाकधूक, दारातच वाजलं तर? मावशीनं दार उघडलं. आधी मूर्ती पाहिली, मग आईला.

‘लय वाळलीस गं.’

‘तू बी, आक्का.’

दोघीही चांगल्या गुटगुटीत आहेत. पण डोळे दोघींचेही भरले होते आणि माझेही.

दोन्ही लांडग्या देव्हाऱ्यासमोर तोंडाला तोंड लावून ठेवल्या, भंडारा उधळला, मग जेवणं झाली. दुपारभर दोघींचं बोलणं काही संपेना. निघताना मावशी म्हणाली, ‘ही भेट दरवर्साला करावी लागती बरं. न्हाईतर देव रुसतो.’

असला नियम मी जन्मात ऐकला नव्हता. मी काही बोलायच्या आत आई म्हणाली, ‘व्हय, आई बी तसंच म्हणायची.’

आजीच्या घरात लांडगी एकच होती, ती भेटणार कुणाला? मी पुढच्या वर्षीची तारीख मोबाइलमध्ये टिपून ठेवली.