पाच तासांची सीट

आमच्या डेपोत तिला सगळे पल्लेवाली म्हणतात, कारण लांब पल्ल्याची गाडी चालवणारी ती एकटीच बाई. पाच तास जायचे, तिकडे मुक्काम, दुसऱ्या दिवशी पाच तास यायचे. मध्ये एकच थांबा, दहा मिनिटांचा. हा मार्ग तिला सहा वर्षं वाट पाहून मिळाला होता. मी ड्युटी लावणारा कारकून. कुणाला कुठली गाडी मिळते आणि कुणाच्या हातून निसटते, ते माझ्याच पेनाने होतं.

महिन्यातले चार दिवस त्या दहा मिनिटांत तिची तारांबळ उडायची. बायकांच्या रांगेत उभं राहायचं, पॅड बदलायचं, आणि तिथे कचऱ्याचा डबा नसल्याने वापरलेलं पॅड कागदात गुंडाळून पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यातून पुढे न्यायचं. एकदा सीटवर डाग राहिला. पुढच्या ड्रायव्हरने तो सगळ्यांदेखत बोलून दाखवला. मी मात्र मोठ्या समजूतदारपणाचा आव आणून तिला बाजूला घेतलं.

"ताई, त्या दिवसांत शहरातली छोटी फेरी घेत जा."

"आणि त्या चार दिवसांचा अख्खा महिना कधी होईल?" तिने विचारलं.

उत्तर मला माहीत होतं, म्हणून मी रजिस्टरात डोकं घातलं.

डेपोच्या दवाखान्यातल्या नर्सने तिला पीरियड पॅन्टी सुचवली. शोषून घेणारे थर आतच शिवलेले. घाला, धुवा, वाळवा, पुन्हा घाला. पल्लेवालीचा विश्वास बसेना. तिने एक आणली, आधी सुट्टीच्या दिवशी घरात वापरून पाहिली आणि मग गाडीवर.

"तिसऱ्या तासाला मला आठवलं की मला पाळी आलीय," ती नर्सला सांगत होती. पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात ती आता संत्री ठेवू लागली. आणखी दोन पॅन्ट्या आणल्या.

तिसऱ्या महिन्यात सीट पुन्हा भिजली. या वेळी मी तिच्यासमोरच रजिस्टरात छोटी फेरी लिहिली. वाईट वाटलं, पण लिहिली.

"एकदा, अजून एकदाच बघू द्या," ती म्हणाली. तिला असं विनवताना मी कधी पाहिलं नव्हतं.

"पेन्सिलीने लिहिलंय," मी म्हटलं. "पुढच्या वेळी बघू, मग शाईने लिहीन."

पुढचं तिनेच मला नंतर सांगितलं. घरी येऊन तिने पॅन्टी बादलीत आपटली.

"फसवलं मेल्यांनी!"

सासूबाई दारात उभ्या होत्या. एका मोठ्या हॉटेलच्या लॉन्ड्रीत त्यांनी सत्तावीस वर्षं काढली होती, आणि घरातल्या धुण्यावर अजूनही त्यांचंच राज्य होतं.

"माझ्यामुळे तर नाही ना झालं?" त्यांनी विचारलं.

"तुमचा काय संबंध, आई?"

"तू धुवून वाळत घालायचीस ना, त्या मला हाताला कडक लागायच्या. म्हणून मी परत काढून सॉफ्टनरमध्ये बुडवायचे. म्हटलं, दिवसभर बसायचं असतं तुला, जरा मऊ राहतील."

सत्तावीस वर्षांत सॉफ्टनर न लावता त्यांनी एक टॉवेल बाहेर जाऊ दिला नव्हता. हाताला वळणच तसं पडलं होतं. पल्लेवालीने दुसरी, धुतलेली पॅन्टी ओट्यावर पसरली आणि आतल्या थरावर चमचाभर पाणी सोडलं. सॉफ्टनरचा मेणचट थर दर धुण्याला साचत गेला होता; पाणी आत जायचं नाव घेईना. कडेने ओघळून ओट्यावर आलं. सॉफ्टनर लावू नये, असं सूचनांच्या कागदावर लिहिलेलं होतं, पण तो खोक्याबरोबर केव्हाच कचऱ्यात गेला होता.

"असा राग आला मला," ती म्हणाली. "पण त्यांचं तोंड पाहिलं आणि तो बाहेरच पडेना."

मग सासूबाईंनी तिन्ही पॅन्ट्या ताब्यात घेतल्या. साध्या पाण्यात धुतल्या, पुन्हा साध्या पाण्यात धुतल्या, आणि दर धुण्यानंतर चमचा घेऊन ओट्यापाशी. सातव्या धुण्याला पाणी पडल्या पडल्या आत गेलं.

पुढच्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी गाडी सुटायच्या वेळी एक म्हातारी ड्रायव्हरच्या बरोब्बर मागे येऊन बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत सुनेच्या गणवेशाची जादा पॅन्ट. सुनेला गाडी चालवताना त्या पहिल्यांदाच पाहणार होत्या.

दुसऱ्या दिवशी गाडी परत आली तेव्हा मी रजिस्टर घेऊन फलाटावरच उभा होतो. पल्लेवाली उतरली आणि माझ्याकडे न बघता बाजूला उभी राहिली. मी वर चढलो, पण सासूबाई माझ्याआधी सीटपाशी पोचल्या होत्या. त्यांनी सीटवरून तळहात सावकाश फिरवला, या कडेपासून त्या कडेपर्यंत, चादर तपासतात तसा. मग तो तळहात माझ्या नाकासमोर धरला.

"कोरडी आहे. खोडा ते."

खोडरबर आत टेबलावर राहिलं होतं. तेवढं थांबायची त्यांची तयारी दिसेना. मी बोटानेच पुसलं.