आप्पांनी निवडलेले टायर

आप्पांचा जन्म ट्रकच्या चाकाखाली गेला म्हटलं तरी चालेल. खाली म्हणजे चाक काढायला, दुसरं काही नाही. चौकात त्यांचं टायरचं दुकान. ट्रकवाले, टॅक्सीवाले दुसरीकडे फिरकायचे नाहीत. आप्पा टायरवर अंगठा दाबायचे, मान हलवायचे आणि सांगायचे, हा घे. गिऱ्हाईक घ्यायचं. शिकवणूक एकच, जाड ते टिकाऊ. बायको म्हणायची, म्हणूनच मला पसंत केलं यांनी.

त्यांची एकुलती एक लेक हॉस्पिटलात एक्स-रे काढते. तिने स्वतःच्या कमाईतून एक गाडी घेतली. जुनीच, पण देखणी, जमिनीला टेकलेली, पळायला हरणासारखी आणि वजनाला इतकी हलकी की आप्पा म्हणाले, ही काय, फुंकर मारली तर पलीकडे जाईल. आत जेमतेम दोन माणसं. लेकीच्या सासूने, म्हणजे विहीणबाईंनी, पहिल्याच दिवशी विचारलं होतं, मी कुठे बसू, टपावर? तरी लेक रोज त्याच गाडीने कामाला जायची आणि गाडीतून उतरताना तिचा चेहरा बघण्यासारखा असायचा.

टायर गुळगुळीत झाले तेव्हा ती अर्थातच बापाकडे आली. म्हणाली, "आप्पा, गाडी हलकी आहे, टायरही साधे, नरम रबराचे घाला. मी सगळं बघून आलेय."

"मी टायर बदलत होतो तेव्हा तू रांगत होतीस," आप्पा म्हणाले, आणि हसले.

त्यांनी घातले ते ओझ्याच्या गाड्यांचे, कडक रबराचे, जाड बाजूंचे. वर हाताच्या सवयीने हवाही टॅक्सीला भरतात तशी ठासून भरली. लेकीचं काही वाईट व्हावं असं कुठल्या बापाला वाटतं? मजबूत टायर म्हणजे पोरगी सुखरूप, इतकाच त्यांचा हिशेब. नाजूक पोरीच्या पायात हमालाचे बूट चढवले आणि वर म्हणाले, आता बिनघोर चाल.

मग एकदा ओल्या वळणावर गाडी घसरली ती थेट कठड्यावर आदळली. लेकीचं मनगट मोडलं. दुसऱ्यांचे एक्स-रे काढणारीचा एक्स-रे निघाला.

गाडी ओढत दुकानात आणली. आप्पांनी चाक काढलं, टायर फिरवला आणि फिरवता फिरवता त्यांचे हात थांबले. टायरची फक्त मधली पट्टी घासली होती. दोन्ही कडा कोऱ्या, नव्या रबराचे बारीक केस अजून तसेच. त्या हलक्या गाडीखाली तो टायर कधी नीट दबलाच नव्हता. रस्त्याला धरून होती ती बोटभर पट्टी, आणि तीही दगडासारखी कडक. समजायला आप्पांना कुणाला विचारावं लागलं नाही. त्यांनी ते टायर दुकानामागे नेऊन ताडपत्रीखाली ढकलले.

संध्याकाळी लेकीच्या घरी सगळे जमले होते. विहीणबाई म्हणाल्या, तरी मी सांगत होते, हिला वेग आवरत नाही. सगळ्यांनी आप्पांकडे पाहिलं, जन्म चाकांत गेलेला माणूस ना. आप्पांच्या ओठाशी खरं आलं होतं. पण चौकातलं नाव होतं, व्याह्यांपुढचा मान होता.

"जरा जोरातच चालवते ती," ते म्हणाले.

लेकीने त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि गळ्यात अडकवलेला हात नीट केला.

पुढे कठड्याने टायर गेले असं सांगून आप्पांनी नवे घातले. या वेळी तिने मागितले होते तसेच, हवाही बेताची. हात बरा झाल्यावर ती पुन्हा गाडी चालवू लागली. पाऊस असो, ओला रस्ता असो, गाडी कशी रस्त्याला बिलगून. आप्पांना वाटलं, झालं, मिटलं. मिटतंय कुठलं! एका रविवारी चहाला विहीणबाई म्हणाल्या, चार शब्द ऐकवले म्हणून सुधारली बघा. सगळे हसले. आप्पांनी बशीत तोंड घातलं.

लेक हसली नाही. शांतपणे म्हणाली, "खरं आहे. तेव्हा चूक माझीच होती. आता वळणावर मला माझाच भरवसा वाटत नाही."

आप्पांनी बशी खाली ठेवली. विहीणबाईंचं बोलणं पचलं असतं, पण पोरीने ते खरं मानलं होतं.

"टायर चुकीचे होते," ते बशीकडे बघतच बोलले. "मी घातलेले. हवाही मीच जास्त भरली. तुझा हात बरोबर होता."

विहीणबाईंचं बिस्कीट चहात बुडालं ते बुडालंच.

"कधी कळलं तुम्हाला?" लेकीने विचारलं.

"चाक काढलं तेव्हाच."

"म्हणजे त्या संध्याकाळी माहीत होतं."

"होतं."

ती उठली, रिकामे कप गोळा केले, बापाचा अर्धा भरलेलाही उचलला आणि आत गेली. नळाचं पाणी बराच वेळ वाहत होतं.

येणंजाणं तुटलं नाही. ती येते, आईशी गप्पा मारते, आप्पांच्या गुडघ्याची चौकशी करते. गाडीही पहिल्यासारखी झोकात चालवते आता. फक्त टायरची हवा दुसरीकडे भरते. ते दुकान वाटेतच पडतं, असं म्हणते. वाटेत पडत नाही, हे आप्पांना ठाऊक आहे. ते म्हणतात, बरं.